देवघरातला मंगळ

"साहेब, पोरीले पुन्हा मंगळ आला!"

सकाळी ऑफिस उघडतो न उघडतो तोच फोन. पलीकडे हिंगणघाटचे गुरुजी. आणि तो मंगळ मी आदल्याच दिवशी जाऊन काढून आलो होतो!

विंडोज ९८ चा जमाना. नागपूरच्या एका छोट्या कंपनीचं पत्रिका काढायचं सॉफ्टवेअर होतं आणि वर्धा जिल्ह्याचा सपोर्ट म्हणजे मी एकटा. आमच्या बौद्ध घरात पत्रिका हा प्रकारच नाही. मी मंगळ पहिल्यांदा पाहिला तो स्क्रीनवर.

जुन्या व्हर्जनमध्ये एक बग होता, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याची चूक. दुपारी बारा ते एकमधला जन्म ते रात्री बारा ते एकचा धरायचं. वडनेरची प्रणिता जन्मली दुपारी बारा वीसला. कॉम्प्युटरनं तिला मध्यरात्री जन्माला घातलं आणि कपाळी मंगळ लिहिला. गुरुजींनी हातानं मांडलेल्या पत्रिकेत तो नव्हता. पण तिच्यासाठी पाहिलेल्या मुलाच्या मामांना प्रिंटच पाहिजे होता. माणूस चुकतो, मशीन चुकत नाही, असं त्यांचं ठाम मत.

यावर उपाय म्हणून अपडेट आला होता, म्हणजे सुधारलेला प्रोग्राम जुन्यावर बसवायचा. आदल्या दिवशी मी गुरुजींच्या कॉम्प्युटरात सीडी टाकली, 'अपडेट यशस्वी' वाचलं, तर्री-पोहे खाल्ले आणि बस पकडली. उघडून पाहिलं नाही. आळस, दुसरं काय!

नागपूरला बॉसना फोन लावला.

"अपडेट केला?"

"केला सर."

"यशस्वी आलं?"

"आलं."

"मग मंगळ खराच असेल."

असा संताप आला! पण पगार तेच द्यायचे. मी मुकाट्यानं हिंगणघाटची एसटी धरली.

गुरुजींच्या खोलीत दरबारच भरला होता. प्रणिता, तिचे वडील रामभाऊ आणि मुलाचे मामा. मामांनी मला बसूही दिलं नाही. "हे पाहा साहेब, आज प्रिंट साफ आला तं रविवारी साक्षगंध. नाई तं आमच्याजवळ तळेगावचं स्थळ आहे." साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. रामभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. प्रणिता आणि तो मुलगा बी.एड.ला एकाच वर्गात होते, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की ती स्क्रीनवरची नजर हलवत नव्हती.

सीडी टाकली. अपडेट. यशस्वी. आयकॉनवर डबल क्लिक केलं. कोपऱ्यात जुनाच व्हर्जन नंबर आणि बाराव्या घरात मंगळ, जागच्या जागी. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"पाहा!" मामा म्हणाले.

मला पंख्याखाली घाम फुटला. तेवढ्यात प्रणितानं विचारलं, "सर, नवं टाकलं म्हणते, तं मग ते गेलं कुठं?"

खरं सांगतो, लाज वाटली. हा प्रश्न मला पडायला पाहिजे होता. मी 'माय कॉम्प्युटर' उघडलं. एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग, सी आणि डी. त्यांना इंग्रजी अक्षरांत नावं दिलेली: ओसरी आणि देवघर.

"गुरुजी, हे काय?"

"सी म्हणजे ओसरी. व्हायरस येते तं तिथंच येते, फॉरमॅट मारतात तं तिथंच मारतात. पत्रिका काय ओसरीवर ठेवू? मी सगळं देवघरात टाकाले लावलं."

घ्या! आमच्या प्रोग्रामरनं धरून चाललेलं, की सगळं जग सीमध्येच राहतं. अपडेट दरवेळी ओसरीवर नवा प्रोग्राम मांडत होता, आणि आयकॉन दरवेळी देवघरातला जुना उघडत होता. मी दोन्ही उघडून दाखवले. सीतल्या पत्रिकेत मंगळ नाही, डीतल्या पत्रिकेत आहे.

मामा गंभीर झाले. "म्हणजे ओसरीवर मंगळ नाई, अन् देवघरात आहे? हे तं अजूनच वाईट!"

रामभाऊंनी डोक्याला हात लावला.

"ओसरीवरचाच प्रिंट काढू का?" मी विचारलं.

"बिलकुल नाई," गुरुजी कडाडले. "पत्रिका देवघरातूनच निघन!"

मी पुन्हा सीडी टाकली आणि या वेळी वाचत गेलो. दुसऱ्याच खिडकीत एक लहानसं बटण होतं, 'ब्राउझ'. प्रोग्राम कुठं टाकायचा ते तिथं सांगायचं. दोन दिवस मी त्याच्याकडे न बघता 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत होतो. डी निवडलं. आयकॉन उघडला. नवा नंबर! मंगळ सहाव्या घरात, दोष नाही. प्रिंटर करकरत कागद ओकायला लागला आणि रामभाऊंनी डोळे पुसले.

"साहेब, तुम्ही पत्रिका मानता काय?" गुरुजींनी खुशीत विचारलं.

"मी पाथ मानतो," म्हटलं. पाथ म्हणजे फाइलचा पत्ता.

मामा प्रिंट खिशात घालून उठले, तेवढ्यात प्रणिता म्हणाली, "मामाजी, बसा थोडं. सर, म्हणजे बारा ते एकवाले सगळेच चुकले असतीन ना?"

"सगळेच."

"मुलाची पत्रिकाबी याच्यातच काढली होती. बायोडाट्यात टाइम दुपारचा बारा पस्तीस आहे."

गुरुजींनी एका बोटानं आकडे टाइप केले. मग आला. चौथ्या घरात, ठसठशीत मंगळ.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "साहेब, ते जुनं व्हर्जन... पुसलं काय?"

"पुसलं."

"मशीन तं चुकत नाई म्हणता ना तुम्ही?" प्रणिता म्हणाली. "मले चालते मंगळ. तळेगाववाल्यांनी प्रिंट मागतला तं त्याईले काय दाखवसान?"

रविवारी साक्षगंध झालं. मला आग्रहाचं बोलावणं होतं. मामांनी स्वतः माझ्या पानात जिलेबी वाढली आणि वाकून म्हणाले, "कोनाले सांगू नका."

इतकी वर्षं मी खरंच कोणाला सांगितलं नाही. फक्त स्क्रीनवर 'यशस्वी' दिसलं, की आधी विचारतो: ओसरीवर, की देवघरात?