साडूभाऊंचा राग आणि चार जाड तारा

जगात जेवढा राग आहे त्यातला निम्मा आमच्या साडूभाऊंनी एकट्यानं अंगावर घेतला, म्हणून तुम्ही-आम्ही जरा शांतपणे जेवतो-झोपतो, असं माझं जुनं मत आहे. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, वणीतल्या एका जिनिंगमध्ये फिटर. चहा गरम आला तर, "जीभ जाळाची हाय काय माही?" आणि जरा निवून आला तर, "हे काय आंग धुवाचं पानी हाय?" नळाला पाणी आलं नाही म्हणून ते चिडत, आणि आलं की "आता काहून आलं?" म्हणून चिडत. पेपर उघडण्याआधीच रागावून बसत, म्हणजे वाचताना त्यात वेळ जायचा नाही. मी त्याच गावात शाळामास्तर, शिवाय नात्यानं धाकटा, त्यामुळे माझ्याकडे रोजचा रतीब होता. "मास्तर, तुम्ही लोकं सारा उन्हाळा सुट्टीत काढता अन् वरून गर्मी होते म्हनता!" यावर मी शाळेचे तास बोटांवर मोजून दाखवत असे. ते त्यांना ऐकू जात नसे.

साडूभाऊंचे कान जिनिंगनं खाल्ले होते. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांना आमच्याकडं रेचे म्हणतात. हे रेचे ओळीनं सुरू झाले की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानात तोंड घालावं लागे. अख्खी जवानी त्यांनी त्या गोंगाटात काढली आणि घरीही ते रेचा चालू असल्यासारखेच बोलत. मग काही वर्षांत कापसाचं सगळंच बिनसलं. भाव पडले, बोंडं अळीनं पोखरली, बाजारातल्या गाड्यांच्या रांगा जागच्या हलेनात, ज्यांनी बोलायला हवं होतं ते मोठमोठे लोक तोंडात गूळ धरून बसले, आणि एका सकाळी जिनिंगचं फाटक बंद झालं ते बंदच राहिलं. हे लिहितानाही माझं डोकं तापतं, मग साडूभाऊंचं काय झालं असेल! घरी बसल्यावर त्या शांततेत त्यांना पहिल्यांदा कळलं की बायको समोर उभी राहून बोलते आहे आणि आपल्याला फक्त तिचे ओठ हलताना दिसताहेत. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उंच आवाज गेले. बायकांचे, लेकरांचे, पाखरांचे. जाड आवाज अजून येतात, पण हळूहळू तेही जातील. साडूभाऊ डॉक्टरवरच भडकले. "तोंडातल्या तोंडात बोलते, अन् माह्ये कान खराब म्हनते!"

त्यांची बायको, म्हणजे आमची ताई, वार्डातल्या गायन पार्टीची मुख्य गायिका. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात तिचं गाणं झाल्याशिवाय माणसं सतरंजीवरून उठत नाहीत. एकदा साडूभाऊ माझ्यापाशी बोलले, अर्थात ओरडूनच. "सारा वार्ड आयकते तिले. तुम्ही बी आयकता, येवढा बेसुरा मानूस! माह्याच कानात तेवढी माती!" त्या रागाच्या तळाशी काय आहे ते मला त्या दिवशी दिसलं. उरलेले आवाज जाण्याआधी त्यांना एकदा, एकदाच, तिच्या गाण्यात बसायचं होतं. कसं बसायचं, ते मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ते कळलं कोळसा खाणीच्या कॉलनीत. जिनिंग सुटल्यावर साडूभाऊ कूलर आणि पंप दुरुस्त करत फिरायचे. एका बंगल्यातले साहेब बदलीची बांधाबांध अर्धी सोडून व्हरांड्यात एक भलं मोठं लाकडी वाद्य मांडीवर घेऊन बसले होते. साडूभाऊंनी कूलरवर टेकलेला हात एकदम उचलला, परत ठेवला. पत्रा थरथरत होता, आणि तोच आवाज कानातही येत होता. गोल, जाड, स्वच्छ. कुणी हळू बोललं तर चिडणारा माणूस कूलर तसाच उघडा टाकून त्या आवाजापाशी जाऊन उकिडवा बसला. साहेबांनी सांगितलं, ही अकूस्टिक बेस गिटार, हिला वीज लागत नाही. भारनियमनात अर्धा दिवस घालवणाऱ्या वणीत याहून मोठा गुण कोणता? साहेबांना सामान कमी करायचंच होतं. दुरुस्तीच्या बदल्यात ते धूड साडूभाऊंच्या सायकलवर चढलं.

घरी आल्यावर त्यांनी तारा मोजल्या आणि घर डोक्यावर घेतलं. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या नटाच्या गिटारला सहा तारा होत्या, यांच्या गिटारला चार. आता कापसाच्या धंद्यात ज्याचा जन्म गेला त्याला दुसरं काय वाटणार? तिथं बाजारात दर वजनामागं व्यापारी 'कट्टी' म्हणून थोडा माल कापून घेतो आणि वर तुमच्याकडंच उपकार केल्यासारखं बघतो. "साहेबानं दोन तारांची कट्टी मारली!" असं ओरडत साडूभाऊ निघाले, मागं मी, भांडण झालं तर मधे पडायला, म्हणजे लांब उभं राहायला. कॉलनीत ट्रक भरून तयार, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला, आणि साडूभाऊ ट्रकच्या पुढं आडवे. "दो तार किधर हैं?" साहेब हसून म्हणाले, "भाईसाहब, बेस में चार ही होते हैं!" यांना पटेना. शेवटी साहेबांनी वाद्याचं डोकंच त्यांच्या नाकासमोर धरलं. खुंट्या चार, खाचा चार, छिद्रं चार. माणसाच्या शब्दापेक्षा छिद्रावर विश्वास ठेवणाऱ्या फिटरला ते पटलं, आणि मग "तं आंधी सांगाले काय झालतं?" म्हणून त्यावरही रागावला. साहेब भला माणूस. हॉर्नच्या साथीत त्यांनी तिथंच पहिला आणि शेवटचा धडा दिला. दांड्यावर ज्या पट्ट्या आहेत त्यांच्या अगदी मागं तार दाबायची, उजव्या हाताची दोन बोटं पायांसारखी आळीपाळीनं चालवायची, नको ती तार हातानं गप्प ठेवायची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमी वाजवायचं, गाणाऱ्याच्या आवाजाखाली राहायचं. ज्या माणसानं जन्मात कुणाच्या आवाजाखाली आवाज ठेवला नाही, त्याला हे शिकायचं होतं.

शिकणं म्हणजे नुसती मारामारी. तारा दावणीच्या दोरासारख्या जाड; बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. पान्हा आवळायची सवय असलेल्या हातानं ते तार अशी आवळत की सूर बाजूला सरके. एक तार वाजवायला जावं तर शेजारची न बोलावता गुरगुरे. दांड्याच्या टोकाशी हात पुरेना. "बनवनाऱ्याचे हात गुडघ्यापोतर होते काय?" किती आठवडे एकच सूर चालला होता. गोठ्यात म्हैस अडली आहे असं माझ्या बायकोचं मत पडलं आणि शेजाऱ्यांनी तिला अनुमोदन दिलं. मग बैठक कोपऱ्यावरच्या एका चाचाच्या पिठाच्या चक्कीत हलली. चक्की डिझेलच्या इंजनावर, तिथं तसंही कुणाला काही ऐकू येत नसे. चाचा म्हणे, "बजाओ भाई, गेहूँ को क्या फरक पड़ता है!" इंजनाच्या पट्ट्याचा जोड चाकावरून गेला की थप असा ठोका पडतो. भिंतीला पाठ लावून बसलं की तो पाठीत कळतो. त्या ठोक्यावर साडूभाऊ सूर टाकू लागले. कधी चुकले तर इंजनावर खेकसत. पण हळूहळू सूर जागच्या जागी पडायला लागले आणि चाचाची पिठानं पांढरी झालेली मान डोलायला लागली.

याच दिवसांत बाहेरगावची एक टीव्हीवाल्यांची गाडी आली. तेव्हा आमच्या जिल्ह्यात अशा गाड्या फार येत. उतरणारे लोक दुःख कुठं मिळेल हे पानठेल्यावर पत्ता विचारावा तसं विचारत. बंद फाटक टिपून झाल्यावर त्यांना तिथला कामगार हवा होता. साडूभाऊ चक्कीच्या ओट्यावर बेस मांडीवर घेऊन बसले. कॅमेऱ्याशेजारचा तरुण गोड आवाजात म्हणाला, "काका, ते वाद्य जरा आत ठेवता का? विषयाला शोभत नाही." साडूभाऊंना ऐकू आलं नाही. मला दुभाष्या म्हणून शेजारी बसवलं होतं, तेव्हा ते वाक्य त्यांच्या कानात ओरडायचं काम माझ्यावर आलं. वर्गात दिवसभर काहीबाही ओरडणारा मी, हे मात्र दोन तुकडे करून ओरडलो. साडूभाऊंनी बेस आणखी पोटाशी ओढला. मग ते जे बोलले ते चक्की चालू असतानाही रस्त्यापलीकडं ऐकू गेलं.

"मी काय विषय हाव? जिनिंग गेलं, कान गेले, आता हे बी आत ठिवू? आमच्या जिल्ह्यातल्या मान्सानं हात जोडूनच फोटोत बसाचं काय? तुमच्या घरी कोनी गात नाई, वाजवत नाई? मंग माह्यावर काहून बंदी? जिनिंग काहून बंद झालं ते त्याईले पुसा, ज्याईनं बंद केलं! मले पुसान तं मी हेच वाजवून दाखवन!" आणि दाखवलंही. टीव्हीवर ते आले पापणी लवेपर्यंत. गळ्याखालचं सगळं कापलेलं, आवाज काढून टाकलेला, आणि खाली पट्टी: हताश कामगार. "हताश?" साडूभाऊ किंचाळले. "येवढा चिडलो तरी हताश?" तेव्हापासून तो शब्द वाचला की मीही चिडतो. वर्गात एका पोरानं निबंधात लिहिला तर मी त्याला उगाच झापलं होतं.

विहारात पार्टीची तालीम सुरू झाली तेव्हा साडूभाऊ आपलं धूड घेऊन हजर. पहिलं कडवं झकास गेलं. दुसऱ्यात ते मंदावत गेले. ताई पुढं, बेस मागं, ढोलकी मधे लोंबकळलेली. मग आपोआप वेग आला, इतका की ताईलाच धाप लागली. पुन्हा मंद. ढोलकीवाला तोंडाचा फटकळ. "भाऊ, तुम्ही मधातच झोपून राह्यले काय?" कुणाला काही उमगेना. उमगलं माझ्या बायकोला, कारण दळण घेऊन तीच जाते. चक्कीत नवा डबा ओतला की इंजनावर भार येतो आणि पट्टा मंदावतो. दाणे संपत आले की तोच पट्टा पळत सुटतो. साडूभाऊंनी ताल शिकला होता तो भारासकट. दर कडव्याला ते मनातल्या मनात एक डबा ज्वारी ओतत होते!

सगळे हसले, साडूभाऊ सोडून. ढोलकीवाला म्हणाला, "जयंती तोंडावर आली, भाऊ. यंदा हे घरी ठिवा, पुढच्या साली पाहू." पुढच्या साली! डॉक्टर काय बोलले होते ते आम्हा घरच्यांना ठाऊक होतं. साडूभाऊ लाल झाले, बेस उचलला, निघाले, आणि तेवढ्यात ताई भडकली. घरातल्या रागाचा मक्ता इतकी वर्षं एकाच माणसाकडं होता, तो तिनं भर विहारात हिसकावला. त्यांच्यासमोर जाऊन एकेक शब्द तोडत म्हणाली, "बसा खाली! इंजनाकडं पाह्यलं, भिताडाकडं पाह्यलं, तारांकडं पाह्यलं. माह्याकडं पाह्यलं का कधी? मी दम कुठी घेते अन् कुठी सोडते ते पाहा, अन् मंग तार वाजवा. तुम्हाले जमत नसन तं मी बी गात नाई, जा!" त्यातलं त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे. पण कुणी ओरडलं आणि साडूभाऊ उलट ओरडले नाहीत, असं मी प्रथमच पाहिलं. ते बसले.

जयंतीच्या संध्याकाळी ताई माइकपुढं उभी, शेजारी खुर्चीवर साडूभाऊ, नजर तिच्या तोंडावर अशी रोखलेली की जणू ती काहीतरी चोरून खाते आहे. गाणं रंगात आलं आणि लाइट गेली. माइक गप्प, कॅसिओ गप्प. ढोलकी, बेस आणि ताईचा उघडा आवाज, एवढंच उरलं. मागच्या लोकांपर्यंत तो आवाज पोचेना; त्या घटकेला अर्धा मांडव साडूभाऊंच्या कानांनी ऐकत होता. ताई थांबली नाही. पण अंधारात तिचं तोंड दिसेना, बेस अडखळला, आणि गर्जना आली, "मास्तर! उजेड!" मी माझी म्हातारी स्कूटर ढकलत मांडवाच्या मधोमध आणली आणि दिवा ताईवर धरला. तो दिवा रेस दिल्याशिवाय पेटत नाही. मी रेस देत उभा, मागं सगळा धूर, बाया पदर नाकाला लावून मला शिव्या देताहेत. पार्टीत सतरंज्या अंथरण्यापलीकडं मला कधी काम नव्हतं. माझं वाद्य वाजलं ते तेवढंच. पण त्या थरथरत्या उजेडात साडूभाऊंची बोटं पुन्हा चालू लागली. ताई दम घ्यायला थांबली की थांबत, तिनं शब्द उचलला की खालून उचलून धरत. गाणं शेवटपर्यंत गेलं.

सतरंज्या गुंडाळताना मी त्यांच्या कानात ओरडलो, "आला का ताईचा आवाज?"

"येक अक्षर नाई!" ते खेकसले. "तुमची फटफटच आयकू येत होती सारा वेळ. जाड हाय ना थे!" मग धुरानं लाल झालेले डोळे पुसत म्हणाले, "पन मास्तर, लय जागी दम घेते ती. मले वाटे, तिले गान्याचे काही कष्टच नाई पडत."

डॉक्टर खरे ठरले. जाड आवाजही गेले. आता माझ्यावर कुणी ओरडत नाही असं नाही, पण ती पूर्वीची मजा नाही. स्वतःचं ओरडणं ऐकू येत नसल्यानं ते अर्ध्यातच सोडून देतात. परवा गेलो तर संध्याकाळची वेळ होती. ताई चुलीकडं तोंड करून गुणगुणत होती आणि साडूभाऊ दारात बेस पोटाशी धरून, तिच्या पाठीकडं बघत, हळूहळू सूर टाकत होते. दूध वर आलं. ताई मधल्याच शब्दावर थांबली आणि फडकं शोधू लागली. त्याच क्षणी बेस थांबला.

"थांबली काहून?" साडूभाऊ कडाडले. पूर्ण, अगदी जिनिंगमधल्यासारखे.

ताईनं वळून पाहिलं नाही. पातेलं खाली ठेवलं, खांदे उचलून दम घेतला, आणि साडूभाऊंनी तार दाबली.