अप्पा, चला

मंडळी, डोळ्यांपुढं अजून धुकं आहे. लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आज जनवाड्याहून बीदरला डोळे तपासायला गेलो होतो. सोबत पोरगा येणार होता. काल बेंगळुरूहून त्याचा फोन आला, "सुट्टी न्हाई मिळाली अप्पा, तुमी जाऊन या की."

दवाखान्यात डोळ्यांत थेंब टाकले आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. बाकावर आम्ही सगळे म्हातारे ओळीनं, तेच धोतर, तीच पांढरी टोपी. आपल्याकडं म्हातारा म्हटलं की अप्पाच. कुणीही हाक मारली तरी सगळेच "ओ" म्हणायलेत!

तेवढ्यात कुणीतरी माझा हात धरला. "अप्पा, चला, नंबर आला. हळू, पायरी हाय." मी उठलो. त्यानं दंडाला धरून मला पार व्हरांड्याच्या टोकापर्यंत नेलं.

मागून एक म्हातारा ओरडला, "आरं, मी हितं बसलोय! कुणाला घेऊन जायलास?"

त्याचं पोरगं थबकलं. बिचारं फोनात बघत होतं, त्यात माणूस बदलला. मला परत बाकावर बसवत म्हणालं, "चुकलं अप्पा. पर तुमी तरी सांगायचं की!"

काय सांगणार? आवाज माझ्या पोराचा न्हाई, हे मला पहिल्याच शब्दाला कळलं होतं.

खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर हात सोडवून घेतला असता का?