दोरीवरच्या ओल्या चड्ड्या

मुलगा दोन वर्षांचा झाला तेव्हा रोज सकाळी आम्ही दोघं घरभर धावत असायचो आणि तो मोरीत प्लॅस्टिकच्या भांड्यावर बसून रडत असायचा. बायको टेलिफोनच्या कचेरीत, मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कारकून. बिबवेवाडीहून खडकी म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं. त्याआधी मुलाची शी व्हायला हवी, आणि ती काही आमच्या घड्याळावर व्हायची नाही. बायको त्याच्यासमोर उकिडवी बसून "कर ना रे राजा" म्हणत राहायची. भांड्यावर तो काही करायचा नाही, आणि उठवून चड्डी घातली की लगेच करायचा.

दिवसभर त्याला माझी थोरली बहीण सांभाळायची. मूल होत नाही म्हणून ताईला सासरच्यांनी परत पाठवलं होतं. तेव्हापासून ती बुधवार पेठेत आमच्या मोठ्या भावाकडे राहायची. दोन खोल्या, त्यांची तीन मुलं. तिथे तिला कुणी वाकडं बोलायचं नाही, पण तिच्यावाचून कुणाचं काही अडायचंही नाही. मुलाला सांभाळशील का, असं मी विचारलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती सिटी बसने दारात हजर. हातात स्वतःचा जेवणाचा डबा.

"वन्सं, डबा कशाला आणलात? इथेच जेवायचं," बायको म्हणाली.

"बरं," ताई म्हणाली.

मुलगा तिला आत्तू म्हणायचा. ती बोलायची कमी, पण मुलाशी तिचं दिवसभर काहीतरी चाललेलं असायचं. आम्ही संध्याकाळी परतलो की गॅलरीतल्या दोरीवर त्याच्या चड्ड्या वाळत असायच्या, आणि ताई पायात चपला सरकवता सरकवता सांगायची, "अजून सांगत नाही रे. आजही ओल्या केल्या."

येत्या जूनमध्ये त्याला बालवाडीत घालायचा आमचा विचार होता. बालवाडीच्या बाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "मूल सांगत असेल तर आणा. नसेल तर आपल्याकडेच ठेवा." आमच्याजवळ तर तो सर्रास ओलं करायचा. रविवारी बायको त्याच्या मागे मागे फिरायची, विचारून विचारून दमायची, आणि जरा पाठ फिरली की फरशीवर पाणी. कधी ती त्याच्यावर चिडायची, मग स्वतःच डोळे पुसत बसायची.

मार्चमध्ये एकदा कारखान्यात एक अधिकारी वारले आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मी घरी आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मुलाचा आवाज आला, "आत्तू, शू." मी तिथेच दाराच्या फटीशी थांबलो. तो आपला आपण मोरीत गेला, चड्डी खाली केली, बसला. झाल्यावर ताईने त्याला धुतलं, पुसलं आणि म्हणाली, "शहाणं गं माझं बाळ ते."

मग तिने कपाटातून त्याच्या दोन-तीन घडी केलेल्या, कोरड्या चड्ड्या काढल्या. बादलीत बुचकळल्या, पिळल्या आणि गॅलरीत नेऊन दोरीवर टाकल्या. नीट, चिमटे लावून.

तिची पाठ होती माझ्याकडे. मी आवाज न करता जिना उतरलो, कोपऱ्यावर जाऊन चहा घेतला, आणखी एक घेतला, आणि रोजच्या वेळेला घरी आलो. ताईने चपला घातल्या. "अजून नाही रे सांगत," ती म्हणाली. मी हो म्हणालो.

मुलगा झोपल्यावर बायकोला सांगितलं. मला वाटलं ती भडकेल. तिने मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "तिला सांगतो. मला नाही सांगत."

तिने उठून दिवा मालवला. अंधारात म्हणाली, "वन्संना काही विचारू नका. शाळा पुढच्या वर्षी बघू."

आम्ही खरंच काही विचारलं नाही. दोरीवर चड्ड्या दिसत राहिल्या आणि आम्ही त्यांच्या घड्या करून ठेवत राहिलो. पण एका शनिवारी बायकोला राहवलं नाही. ताई निघाली होती, तिला थांबवून ती म्हणाली, "वन्सं, तो तुम्हाला कसा कळवतो? मला शिकवा ना. माझ्याजवळ तो कधी सांगतच नाही हो."

ताईचा हात दाराच्या कडीवर होता. तिने आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं.

"आधी कान धरतो," ती म्हणाली. "उजवा. शब्द मागाहून येतो. कान धरला की लगेच न्यायचं, विचारत बसायचं नाही."

बायको तिच्या गळ्यात पडून रडली. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "मला बसनं यायला काही त्रास नव्हता गं," एवढंच म्हणाली.

सोमवारी दोरी रिकामी होती. "सांगायला लागला बरं का," ताईने आम्हाला आजच कळल्यासारखं सांगितलं. जूनमध्ये बालवाडीत त्याला सोडायला तीच गेली. आम्ही "पुढच्या वर्षी" म्हणत होतो, तिने ऐकलं नाही. पावसाळाभर ती दुपारी त्याला आणायला यायची. मग बालवाडीशेजारी पाळणाघर निघालं, तिथे त्याला संध्याकाळपर्यंत ठेवता येऊ लागलं, आणि ताईने येणं थांबवलं. "तू ये की," मी म्हणायचो. "काम असलं की सांग," ती म्हणायची.

भाऊबीजेला आली. ओवाळून झालं, जेवणं झाली. मुलगा उठून मोरीकडे निघाला तशी ताई सवयीने त्याच्या मागून गेली. त्याने वळून तिला हाताने अडवलं. "आत्तू, तू बाहेर. मी मोठा झालो," आणि आतून दार लावून घेतलं.

ताई दाराबाहेर उभी राहिली. आत तांब्याचा आणि पाण्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग स्वयंपाकघरात येऊन बायकोच्या शेजारी बसली आणि खरकटी ताटं पुढ्यात ओढून घेतली.

"नीट धुतो," ती म्हणाली.