ट्रॅक्टर येण्याआधी

बॅटरीत पाणी भरताना आम्लाचा तो उग्र दर्प आला, की मला घनसावंगीचा दवाखाना आठवतो. आमचे व्याही आजही सांगतात, त्यांनी ट्रॅक्टरवर जनरेटर आणला म्हणून नात वाचली. साफ खोटे! काचेच्या पेटीतल्या त्या नवजात जिवापाशी मी उभा होतो. भर दुपारी वीज गेली, पंखा थांबला. पण तिच्या श्वासयंत्राचा दिवा क्षणभरही मंदावला नाही. "हे कशावर चालून राह्यलं?" मी ओरडलो. परिचारिका हसली, कोपऱ्यातल्या तशाच दर्पाच्या लोखंडी डब्याकडे बोट दाखवत म्हणाली, "बाबा, हा बॅटरीचा यूपीएस. लाईट असतानाबी मशीन यूपीएसमधूनच चालती. लाईट गेली की बॅटरी तिथल्या तिथं भार उचलती, खंडच पडत न्हाई." ट्रॅक्टर फाटकात शिरला तेव्हा वीज परतलीही होती. व्याह्यांनी खुशाल मोठेपणा मिरवावा. मी मात्र त्या लोखंडी डब्याला हात जोडले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.