कोरडं अर्थिंग

आमच्या सासरच्या घराण्यात आधी भटपण, मग कारकुनी. लेखणी सोडून हत्यार हातात धरलेला पहिला माणूस म्हणजे माझा नवरा, आणि त्याचं हत्यार होतं सोल्डरिंगची गन. हर्सूलला नवी रो-हाउसं झाली तेव्हा आम्ही त्यातलं एक घेतलं आणि पुढच्या खोलीत त्यानं दुरुस्तीचं दुकान थाटलं. रेडिओ, मोबाइल, मिक्सर, येईल ते. सासरे म्हणायचे, "शिकूनसवरून शेवटी कल्हईच करतोय." नवरा हसायचा. मला नाही हसू यायचं, कारण घर त्याच कल्हईवर चालत होतं.

तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचे. शहर वाढत होतं, पाणी आटत होतं, आणि त्यात लाईटचा पत्ता नसायचा. दुष्काळात तेरावा महिना. म्हणून नवऱ्यानं औरंगपुऱ्याच्या बाजारातून एक इन्व्हर्टर आणला. मॉडिफाइड साइन वेव्हचा, म्हणजे स्वस्तातला. खांबावरची वीज लाटेसारखी अलगद चढते-उतरते. ह्याची वीज जिन्यावरून उड्या मारत यायची. पंखा त्याच्यावर कण्हायचा. जुनी साधी गन मात्र मुकाट तापायची, तिला कुठल्याही विजेचं वावडं नव्हतं. पुढं त्यानं हौसेनं नवं सोल्डरिंग स्टेशन घेतलं, टोक किती तापलंय ते आकड्यात दाखवणारं. ते इन्व्हर्टरवर घूं घूं करायचं आणि त्याच्या लोखंडी पेटीला हात लागला की बोटांना झिणझिण्या यायच्या.

ही अशी चुकार वीज जमिनीत उतरवायला अर्थिंग असतं. आमचं पायरीशेजारी होतं. कोळसा-मीठ घालून पुरलेला पाइप, आणि त्याला ओल हवी. तांदूळ-डाळीचं धुवण मी रोज त्यात ओतायचे. मग नळ आठवड्यानं येऊ लागला. धुवण भांड्यांना, भांड्यांचं पाणी संडासाला, अर्थिंगला काही उरेना. त्यात टँकरला वळायला जागा हवी म्हणून सोसायटीनं सिमेंटचे गट्टू बसवले आणि आमचा खड्डा त्याखाली गेला. मी भांडले. चेअरमन म्हणाले, "वहिनी, माणसांना प्यायला नाही आणि तुम्ही खड्ड्याला पाणी पाजता?" चारचौघं हसले. त्या हसण्याचा राग अजून जात नाही.

झिणझिण्यांवर आमच्या गल्लीचा इलाज एकच होता, चप्पल. फ्रीज मारतोय? चप्पल घालून उघडा. गिझर मारतोय? चप्पल घालून नळ सोडा. नवराही रबरी सपाता घालून कामाला बसायचा आणि झिणझिण्या त्याच्या अंगवळणी पडल्या. एका जुन्या मिस्त्रीनं त्याला शिकवलं होतं की नाजूक काम असलं तर गन तापवायची, पिन उपटायची, म्हणजे टोकात वीज राहत नाही, आणि मगच टाका मारायचा. जुन्या गनवर तो हे पाळायचा. नव्या स्टेशनचं बारीक टोक मात्र पिन काढली की लगेच गार पडायचं, म्हणून ती सवय सुटली. चपलेनं आपण वाचतो, समोरची वस्तू वाचत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही.

अशात एका दुपारी एक मेंढपाळ आला. खुलताबादकडचा. तिकडं चारा संपला म्हणून तो मेंढरं घेऊन हर्सूलच्या आटलेल्या तलावात उतरला होता आणि मिळेल तेव्हा बांधकामावर जात होता. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. तिच्या गळ्यात कापडी पिशवी, पिशवीत काड्यापेटीएवढं कानाचं यंत्र, आणि त्याची वायर कानापर्यंत जायच्या ऐवजी लोंबत होती.

"सायेब, येवढी वायर जोडून द्या. जलमापासनं ऐकू येत न्हवतं तिला. शिबिरात दिलं हे. आत्ता कुठं बोलाया लागलीय. आबा म्हन्ती, बोल म्हन्ती."

नवऱ्यानं यंत्र उघडलं. वायर मुळाशी तुटली होती, बाकी सगळं शाबूत. त्यानं ती बोटानं जागेवर दाबून धरली, वायरीच्या टोकाचं बटण मुलीच्या कानात घातलं आणि बापाला मागून हाक मारायला सांगितली. बाप म्हणाला, "बोल गं, बाये." मुलगी गर्रकन वळली आणि हसली. मीही हसले. एका टाक्याचं तर काम होतं.

लाईट नव्हती. इन्व्हर्टर चालू, स्टेशन घुमत होतं. नवऱ्यानं सेल काढला, सपाता सरळ केल्या, टाका मारला. राळेचा धूर निघाला, टाका चकचकीत बसला. त्यानं सेल घातला. यंत्राचा लाल दिवा लागला. मुलीच्या कानात बटण घातलं आणि बापानं मागून हाक मारली. ती समोर बघत राहिली. पुन्हा हाक. मग नवऱ्यानं बटण स्वतःच्या कानाला लावलं. चालू यंत्रात निदान खरखर तरी असते. त्याचा चेहरा उतरला. त्यानं टेस्टरचं टोक स्टेशनच्या पेटीला लावलं तर टेस्टरमधला दिवा पेटला. आत आवाज मोठा करणारी एक मुंगीएवढी चिप असते, ती टोकातून आलेल्या चुकार विजेनं टाक्याबरोबर जळली होती.

"आमीच वढली आसंल वायर," बाप म्हणाला. "पोरीचा खेळ."

नवरा मान खाली घालून सेल काढू लागला. माझ्याच्यानं राहवलं नाही. "दादा, तुमचं काही चुकलं नाही. आमच्याकडून जळलं ते."

"व्हय?" तो म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मुलीला जवळ ओढून त्यानं विचारलं, "मंग आता?"

त्या रात्री मी नवऱ्याला वाट्टेल ते बोलले. इन्व्हर्टरवाल्याला, चेअरमनला, सोसायटीला शिव्या घातल्या. पुढचे दिवस नवरा चिपसाठी औरंगपुऱ्यातली दुकानं पालथी घालत होता. मिळाली नाही. दवाखान्यात विचारलं, तर पुढचं शिबिर कधी ते कुणी सांगेना. शेवटी औषधांच्या दुकानात मिळतं तसलं कानाचं यंत्र त्यानं विकत आणलं. ते घेऊन तलावात जायचं मात्र त्याच्यानं होईना. मी गेले.

तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. मेंढरं बेशरमाची वाळकी झुडपं हुंगत होती. मुलगी माझ्याकडं पाठ करून बसली होती, गळ्यात तीच पिशवी. बाप म्हणाला, "बंद हाय म्हून खुनवलं, तरी काढत न्हाय. आन् समद्यांच्या तोंडाला बोट लावती, बोल म्हन्ती. तिला वाटतंय आमीच बोलायचं बंद केलंय."

मी नवं यंत्र काढलं. तिच्या कानात बटण घातलं, आवाजाचं चाक पार शेवटपर्यंत फिरवलं. ती आशेनं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी तिच्या मागं जाऊन म्हटलं, "बोल गं, बाये." हालचाल नाही. जोरात म्हटलं. ओरडले. मेंढरं बुजली, लांबचं कुत्रं भुंकलं. तिला फारच कमी ऐकू यायचं. तिला शिबिरात मोजूनमापून दिलेलं जबर यंत्रच लागत होतं, हे मला तिथं उभं राहून कळलं.

मी समोर येऊन बसले. काय करावं सुचेना म्हणून मी बोलतच राहिले, माफ कर म्हणाले, आणखी काय काय म्हणाले. तिनं माझे ओठ हलताना पाहिले. मग हात पुढं करून माझ्या ओठांवर बोट ठेवलं आणि स्वतःचाच आवाज ऐकू येत नसलेल्या माणसासारखी मोठ्यानं म्हणाली, "बोल ना."