लेकीचं बाळतपन, सुनंचं लेकरू

सुनंचं पोर पोटातच गेलं आन त्याच्यासंगं तिची पिशवी बी गेली. रगत थांबंना. डाक्टर बाहेर येऊन म्हनले, पिशवी काढली न्हाई तर बाई जाईल. ल्योक म्हनला, काढा. सून घरी आली, अंगात ताकद आली तशी कांद्यात खुरपाय जाऊ लागली. रडली न्हाई. पन गावात कुनाचं बारसं निघालं की डोकं दुखतंय म्हनून पडून ऱ्हायची.

नगरच्या डाक्टरीनबाईंनी वाट दावली. बीज ह्या दोघांचंच, पन वाढवायला दुसरी बाई लागंल. पैशानं आनायची न्हाई, कायद्यात बसत न्हाई. लगीन झालेली, पदरात लेकरू असलेली, आपखुशीनं तयार झालेली पायजे. आन म्हनल्या, "मावशी, हे एकट्या डॉक्टरचं काम नाही. वकील लागेल, विमा लागेल, मनाचं बघणाऱ्या मॅडम लागतील. आधी सगळी माणसं गोळा करा."

घरात लगीन निघालं की आचारी, मांडववाला, वाजंत्री बघत हिंडत्यात, तसं माजं झालं. ल्योक बुजरा, सून खाली मान घालून बसायची. मग बोलायला मीच.

पयलं मानूस मिळालं ते घरातलंच. माजी लेक. एकुलती एक, श्रीरामपुराच्या अंगाला दिल्याली, तिला एक पोरगा. मी तिच्या चुलीपाशी बसून समदं सांगत हुते, ती भाकऱ्या थापत हुती. म्हनली, "मी वाढवीन की माज्या पोटात. वहिनीसाठी एवढं व्हत न्हाई का?" भाकर उलटली आन दुसरा गोळा घेतला.

तिची सासू, माजी इहीन, तिथंच शेंगा निवडत हुती. ती म्हनली, "पेरनीला पैऱ्यानं बैल मागाय येत्यात ठावं हुतं. तुमी सून मागाय आलात व्हय?"

"मागत न्हाई इहीनबाई. इचारते."

"बैल न्यायला आलेला बी असंच म्हनतो. काम झाल्यावर खांदा सुजलेला आमी बघायचा."

जावई म्हनला, "आई, तिला करू वाटतंय तर करू द्या." इहीन उठून गोठ्यात गेली. मागनं जावयानं संमतीच्या कागदावर सही केली.

वकील नेवाशाचा मिळाला, तरना पोरगा. त्यानं आमाला खुर्च्या दिल्या आन कोर्टाचं समजावलं. मूल जन्मलं की ते तुमच्या मुलाचं आणि सुनेचं, ताईंचा काही हक्क नाही, हे आधीच ठरवून घ्यायचं. लेक म्हनली, "मला कशाला हक्क? मी आत्या. आत्याला नाव ठिवायचा हक्क हाय तेवढा ऱ्हाऊ द्या." वकील हसला, आमी बी हसलो. इम्यावाला तेवढा लई दिवस घोळत बसला. बाळतीन एक आन लेकराची आई दुसरी, ह्ये त्याला उमजंना. ल्योक त्याला फोनवर पुन्हा पुन्हा सांगायचा.

मनाचं बघनाऱ्या मॅडमनी एकेकाला आत बोलावलं. मला इचारलं, "बाळ झाल्यावर लेक कुठं राहणार?"

"माहेरी. बाळतीन माहेरीच येती."

"आणि बाळ?"

"बाळ त्याच्या घरी, आईबापापाशी."

बरं, म्हनल्या. त्यांना वाटलं दोन घरं. मला वाटलं त्यांना कळलं. लेकीचं माहेर आन लेकराचं घर, एकच उंबरा हाय, ह्ये ना त्यांच्या ध्यानात आलं ना माज्या. डाक्टरीनबाई झाल्या, वकील झाला, इमा झाला, मॅडम झाल्या. बाळतपनाला मी हायेच. मला वाटलं, आता कुनी ऱ्हायलं न्हाई.

लेकीला दिवस गेले. गिरनीवर एक बाई म्हनली, "भावाचं पोर बहिनीच्या पोटात! काय बाई आईकावं!" मी म्हनलं, "तुज्या खुडूक कोंबडीखाली शेजारनीची अंडी ठिवतीस, पिल्लं कुनाच्या दारात जात्यात?" बायका हसल्या. ती दळन न घेताच गेली, माघारी यावं लागलं तिला. सून महिन्यातनं चार दिवस नंदंकडं जाऊन ऱ्हायची. लेकीला कवठं आवडायला लागली, तर कुठनं कुठनं कवठं शोधून न्यायची. दोघींचं लई गुळपीठ झालं. त्या दिसात मला वाटलं, द्येवानं माज्या घराकडं बघितलं.

पोरगी झाली. नर्सनं सुनंच्या हातात दिली. लेक खाटंवरनं म्हनली, "बघू दे, नाक कुनावर गेलंय?"

"तुज्या भावावर," मी म्हनलं.

"बरं झालं," म्हनली, आन भिंतीकडं तोंड करून झोपली.

घरी आनली दोघींना. मधल्या खोलीत लेकीची बाज, आतल्या खोलीत सून आन तान्ही. मी लेकीला शेकत हुते, तेल लावत हुते, अळीवाची खीर करत हुते. दूध आटायच्या गोळ्या डाक्टरीनबाईंनी दिल्त्या. तरी दूध आलंच. आत तान्ही रडली की हिकडं हिचं झंपर भिजायचं. मी कोरडं फडकं द्यायची, तेबी भिजायचं. आत सून बाटली धरायची, पोरगी कवा घ्यायची, कवा थुकायची.

एका दुपारी सून पोरगीला घेऊन मधल्या दारात आली. "वन्सं, पाजता का?"

लेक उठून बसली. हात पुढं केले, माघारी घेतले. म्हनली, "नको वहिनी. एकदा पाजलं तर मी इथनं जायची न्हाई."

सून तिथंच उंबऱ्यात बसली आन रडली. पिशवी काढल्यापासनं पयल्यांदा रडली. माज्या हातात शेकायची शेगडी, हिकडं लेक, तिकडं सून. मी शेगडी खाली ठिवली आन तशीच हुबी ऱ्हायले.

ल्योकाकडनं मॅडमला फोन लावून घेतला. मॅडम म्हनल्या, "मावशी, दोघी एकाच घरात आहेत?" मी व्हय म्हनलं. मग म्हनल्या, लेकीला सासरी पाठवा.

इहीनबाई सोता आली, टेम्पोत गादी टाकून. मला वाटलं आता बोलनार. पन तिनं माज्या लेकीच्या डोक्यावर हात फिरवला आन म्हनली, "चल."

लेक म्हनली, "उद्या बारसं हाय. नाव ठिवून येते."

"चुलत आत्या बसवत्यात की गं."

"न्हाई. मीच."

बारशाला गल्लीतल्या बायका आल्या. पाळन्याला झेंडूच्या माळा लावल्या, घुगऱ्या शिजवल्या. आत्या कानात नाव सांगती तवा मागनं बायका तिच्या पाठीत धपाटे घालत्यात, मोठी चेष्टा चालती. लेक पाळन्यावर वाकली. कुनाचाच हात उठंना. गिरनीवर हसनाऱ्या बायका त्याच, पदर तोंडाला लावून गप हुब्या.

मग इहीनबाई पुढं झाली. तिनं हिच्या पाठीवर हात ठिवला. मारला न्हाई, नुसता ठिवला. म्हनली, "सांग गं. लवकर सांग."

लेकीनं कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. तिचा गाल पोरगीच्या तोंडापाशी हुता. पोरगीनं मान वळवली आन गालाला तोंड लावून चोखाय लागली. लेक हालली न्हाई. सुननंच मग तिला खांद्याला धरून हुबं केलं, आपला पदर तिच्या अंगावर घातला, भिजलेलं कुनाला दिसू नये म्हनून. जेवन न करताच टेम्पो गेला.

त्याच्यानंतर लेक माहेरी आली न्हाई. भाऊबीजंला ल्योकच जातो ओवाळून घ्यायला. सून फोन करती, त्यावर दोघी बोलत्यात, कांद्याचं, पावसाचं. आता मीच यष्टीनं जाते. ती चा करती, कोंबड्यांचं इचारती, दादाच्या पाठदुखीचं इचारती. पोरगीचं इचारत न्हाई, मी बी सांगत न्हाई.

मागल्या खेपंला मला स्टँडावर सोडाय आली. गाडी लागली तवा हळूच म्हनली, "दात आले का?"

"आले. खालचे."

"चावती का?"

"मलाच चावती."

हसली. माजी पिशवी वर चढवून दिली. मी खिडकीपाशी बसले तशी जवळ आली आन म्हनली, "आई, पुढल्या बारीला मी इचारलं तरी सांगू नको."