भेगेच्या टोकावरची खूण

हिमालयात पोस्टिंग मिळाली तेव्हा आमच्या इंजिनिअर कंपनीत मराठवाड्याचे आम्ही दोघंच होतो. मी हवालदार, लोहा तालुक्यातला. दुसरा नाईक बळीराम, औसा तालुक्यातला. काम रस्त्यांचं आणि पुलांचं. जागेचं नाव सांगत नाही, ती सवय अजून सुटलेली नाही.

बळीरामला सगळी कंपनी शंकासूर म्हणायची. नव्या बरॅकमध्ये गेला की बिस्तरा सोडायच्या आधी तो भिंत ठोकून बघायचा. मेसमध्ये दाराजवळच बसायचा. त्र्याण्णवच्या भूकंपात त्याची आई आणि धाकटी बहीण घराच्या भिंतीखाली गेल्या, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. दोन हात रुंद दगडी भिंत, सांध्यांत चिखल, वर मातीचं जड माळवद. भूकंपाआधी जमिनीतून गुरगुर ऐकू यायची, पण दख्खनचा खडक पक्का, इथं काही होत नाही, असं शिकलेली माणसंसुद्धा सांगायची. त्यामुळे एखादी गोष्ट पक्की आहे असं कुणी म्हटलं की बळीरामच्या कपाळाला आठी पडायची.

लोक मला अजून विचारतात, हिमालयात भूकंप होतो ते समजलं, आपल्याकडे कसा? युनिटमध्ये आलेल्या एका भूगर्भतज्ज्ञानं आम्हाला ते सोपं करून सांगितलं होतं. आपला देश ज्या भूपट्टावर आहे तो वर्षाला दोन-तीन बोटं उत्तरेला सरकतो आणि पलीकडच्या भूपट्टाला रेटतो. मधला खडक दबतो, अडकून बसतो, आणि अडकलेलं एकदम सुटलं की जमीन हादरते. त्याच रेट्याचा ताण पार आपल्या काळ्या खडकाखालच्या जुन्या भेगांपर्यंत पोचतो. तिथं हादरे क्वचित बसतात, म्हणून माणसं बेसावध राहतात. हे ऐकून बळीराम म्हणाला, “म्हंजी खालनं बी भरवसा न्हाई.” सगळे हसले. मीही हसलो.

तो दिवस थंडीच्या सुरुवातीचा. सकाळी ०६२० वाजता मोठा हादरा बसला. ०९१५ ला मी दहा जवान घेऊन वरच्या गावात पोचलो. घरं बसली होती. एकसष्ट माणसं शेतात उघड्यावर, त्यात एक बाळंतीण आणि दोन म्हातारे अंथरुणाला खिळलेले. रस्ता तुटल्यामुळे तंबू खालीच अडकले होते. गावात एकच इमारत उभी होती, शाळा.

वायरलेस सेटवर कॅप्टनसाहेबांचा आवाज आला. टायगर वन म्हणजे मी.

“टायगर वन, शाम से पहले बर्फ गिरेगी. स्कूल चेक करो. ठीक है तो १५०० बजे तक सबको अंदर लो. ओव्हर.”

“टायगर वन, विल्को. आउट,” मी हुकूम घेतल्याचं कळवलं.

शाळा दगडी, बाहेरून सिमेंटनं दरजा भरलेल्या, रंग नवा. खिडकीच्या वर एक भेग होती. बळीरामनं भेगेच्या टोकाशी पेन्सिलनं आडवी रेघ मारून वेळ लिहिली, १०१५. मग संगिनीच्या टोकानं एक दरज खरवडली. सिमेंटचा पातळ पापुद्रा निघाला आणि मागून माती सांडली.

“भाऊ, ही आमच्या घरावाणीच हाय,” तो म्हणाला. “वरनं नुसती पावडर लावलीया.”

मोठ्या हादऱ्यानंतर लहान हादरे बसतच राहतात. दुपारपर्यंत आम्ही पाच मोजले. १३४० ला बळीराम मला पुन्हा शाळेपाशी घेऊन गेला. भेग रेघेच्या चार बोटं पुढे गेली होती.

इथे माझी चूक झाली. मला भिंतीचा संशय यायला हवा होता. मला आला बळीरामचा. याला शाळा नकोच आहे, म्हणून यानं रेघ अलीकडे मारली असेल, असं माझ्या मनात आलं. पश्चिमेकडून ढग खाली येत होते. बाळंतिणीची सासू दर दहा मिनिटांनी येऊन हात जोडत होती.

“सकाळी रेघ नीट मारली व्हतीस का?” मी विचारलं.

“हाव.”

“भेग वरवरची असंल. आतून बघितली?”

“न्हाई. आत जायाचं न्हाई, भाऊ.”

“भ्यालास व्हय? आजून सहा वर्षांचाच हायेस का? जा, आतून बघून ये.”

हे वाक्य माझं. जसं बोललो तसंच लिहिलं आहे.

बळीरामनं हेल्मेटचा पट्टा आवळला आणि आत गेला. १३५२ वाजले होते. अर्ध्या मिनिटात त्याची हाक आली.

“आरपार हाय, भाऊ! कुणाला आत घिऊ नका!”

“ये बाहीर!” मी ओरडलो.

तेवढ्यात जमीन हलली. भिंतीचे दोन पदर सुटले. एक आमच्या अंगावर यायला बघत बाहेर पडला, दुसरा आत, आणि त्यावर छप्पर. आम्ही हातांनी दगड उपसले. १६१० ला त्याचा देह मिळाला.

बर्फ पडलं. एकसष्ट माणसं ताडपत्र्या आणि आमची ब्लँकेटं पांघरून राहिली, सकाळी सगळी जिवंत होती. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे लष्करी चौकशीत, मी सांगितलं, नाईक बळीराम स्वतःहून आत गेला. कुणी उलट विचारलं नाही. तसंच पत्र त्याच्या घरी गेलं.

दोन महिन्यांनी रजेवर आलो. लातूरहून एसटीनं त्याच्या गावी गेलो. आबा, म्हणजे बळीरामचे वडील, पत्र्याच्या शेडमध्ये बसले होते. त्यांनी मला पाणी दिलं आणि पत्र पुढे केलं.

“हे खोटं हाय,” ते म्हणाले. “बळी आपणहून भिंतीखाली जायाचा न्हाई. लेकराला मी वळखतो. कुणी धाडलं त्याला?”

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

“मी,” मी म्हणालो. “त्याला भित्रा म्हणालो.”

आबांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

“आत आनिक कुणी व्हतं?”

“न्हाई, आबा. त्याच्या हाकेमुळं एकसष्ट माणसं बाहीर राहिली.”

“मंग तसं लिवून द्या. माझ्या हातात द्या.”

पत्राच्या मागच्या बाजूला मी लिहिलं: नाईक बळीराम यांनी भिंत ओळखली होती. ते स्वतःहून आत गेले नाहीत. हुकूम माझा होता. खाली नाव, रँक, सही.

आबांनी कागद उजेडात धरून दोनदा वाचला. मग परत माझ्यापुढे ठेवला.

“तारीख घाला,” ते म्हणाले.